मूळ खाक्यातून प्रिन्सेस कट

प्रिन्सेस कटच्या ड्रेसमध्ये टक्स दिसत नसले, तरी ते नाहीसे झालेले नसतात. मुंढ्यापासून छातीवरून घेरापर्यंत जाणाऱ्या उभ्या शिवणीत ते सामावलेले असतात. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रूढ झालेल्या या रचनेत कमरेवर आडवा जोड नसतो.

त्यासाठी शिलाईची माया न धरलेला पुढच्या भागाचा खाका कागदावर उतरवावा. मुंढ्याच्या मध्यापासून छातीच्या बिंदूपर्यंत किंचित गोलाईदार रेषा काढून ती कापावी. बाजूचा टक्स मिटविला, की त्यातील झोल या फटीत सरकतो. कमरेचा टक्स नितंबरेषेपाशी संपतो. तेथून रेषा सरळ घेरापर्यंत न्यावी.

छातीच्या बिंदूवर उरलेला कोन हाताने गोल करावा. नवशिक्यांचा ड्रेस बहुधा येथेच बिघडतो, कारण कोन तसाच राहिल्यास कापडावर टोक उमटते. भाग वेगळे करण्यापूर्वी बिंदूच्या वर व खाली सुमारे ५ सेंटिमीटरवर जुळणीच्या खुणा कराव्यात. बाजूच्या भागावर उभ्या धाग्याची रेषा कंबररेषेला काटकोनात आखावी, एरवी तो भाग पिळतो. माया सर्वांत शेवटी वाढवावी.

खांद्यापासून या बिंदूचे अंतर प्रत्येकीचे वेगळे असते. त्यामुळे महागड्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर पाहावा. शिवताना मधल्या भागाच्या मायेला बारीक काप दिले, की बाजूच्या भागाची गोलाई त्यावर सुरळीत बसते.