हवेचीं लाटव्हियन नांवें

बाल्टिक समुद्राच्या कांठीं लाटव्हिया नांवाचा एक लहान देश आहे. तेथील लोकवस्ती वीस लाखांच्याही आंतच. आपल्याकडील एखाद्या मोठ्या शहराचीही बरोबरी तिला करतां यावयाची नाहीं. अशा देशाची भाषा आपण कशासाठीं चाळावी, असा प्रश्न वाचक सहजच करतील. परंतु हवा व वायु यांविषयींचे इंग्रजी शब्द एका बाजूस आणि त्यांचे लाटव्हियन प्रतिशब्द दुसऱ्या बाजूस मांडून पाहिले, तर त्या दोन रकान्यांत एका शेतकरी जनतेचा मोठा झगडा दडलेला दिसतो. आणि तो झगडा मराठी माणसाला अगदींच परका वाटूं नये.

प्रथम जुने शब्द घेऊं. लाटव्हियन आणि लिथुआनियन या बाल्टिक कुळांतील दोनच भाषा आज जिवंत आहेत, आणि हें कुळ संस्कृतचें दूरचें पण खरें आप्त आहे. वाऱ्याला लाटव्हियन मनुष्य 'वेय्श' म्हणतो, तो आपला 'वायु'. धुराला 'दूमि' म्हणतो, तो 'धूम'. धुक्याला 'मिग्ला' म्हणतात, त्याचें नातें 'मेघ' शब्दाशीं. 'ऊदेन्स' म्हणजे उदक, 'उगुन्स' म्हणजे अग्नि, 'ओग्ले' म्हणजे कोळसा आणि तो आपल्या 'अंगारा'चा भाऊ. आकाशाला तेथें 'देबेस' म्हणतात. आरंभींच्या द-काराच्या जागीं न घालून पाहिला कीं त्यांतून 'नभस्' डोकावूं लागतें.

हवेला मात्र त्यांचा शब्द 'गाइस' असा आहे. प्रकाशमान या अर्थाचा 'गाइश' हा शब्द त्याच मुळाचा. हिवाळ्यांत दिवस सहा-सात तासांपलीकडे टिकत नाहीं अशा प्रदेशांतील माणसाला हवा म्हणजे ज्यांत उजेड भरून राहतो तें, असें वाटलें असेल काय? ही माझी कल्पना. तिला व्युत्पत्तिशास्त्राचा आधार मागूं नये. एवढें खरें कीं हवेसाठीं त्यांनीं घरचा शब्द राखला आणि आपण तो अरबीकडून फारसीमार्गें आलेला घेतला. संस्कृतच्या अभिमान्यांनीं दिवसांतून किती वेळां 'हवा' म्हटलें जातें हें मोजून पाहण्यासारखें आहे.

आणखी एक शब्द सोडवत नाहीं. लाटव्हियन खेड्यांत वाफेचें स्नान घेण्याची जुनी चाल आहे. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून जी वाफ उठवितात तिला 'गर्स' म्हणतात, आणि 'गर्स' याच शब्दाचा दुसरा अर्थ चैतन्य किंवा आत्मा असा आहे. जीवाला 'द्वेसेले' म्हणतात, तोही श्वास घेणें या अर्थाच्या धातूपासून निघालेला. प्राण म्हणजे वायु हें समीकरण तेथील शेतकऱ्यालाही कोणी शिकवावें लागलें नव्हतें.

अडचण आली ती रसायनशास्त्राच्या वायूंची. 'गॅस' हा शब्दच मुळीं कृत्रिम. फ्लेमिश रसायनज्ञ व्हान हेल्माँट यानें ग्रीक 'केऑस' शब्दावरून तो बनविला आणि त्याच्या मरणानंतर १६४८ सालीं निघालेल्या ग्रंथांतून तो युरोपभर गेला. लाटव्हियन भाषेंत तो 'गाझे' झाला. 'गाइस' आणि 'गाझे' यांचा ध्वनि इतका जवळचा आहे कीं एखाद्याला दोन्ही सख्खीं भावंडें वाटावींत. वस्तुतः तीं केवळ शेजारीं. पुढें लाव्हॉइसियेनें प्राणवायूला 'अम्लजनक' या अर्थाचें ग्रीक नांव दिलें, कारण प्रत्येक अम्लांत हा वायु असतोच असें त्याचें मत होतें. तें मत चुकीचें ठरलें. डेव्हीनें १८१० सालीं क्लोरिन हें स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचें प्रतिपादिलें तेव्हां मीठाच्या अम्लांत प्राणवायु नाहीं हें उघड झालें. पण नांव रुजलें होतें. जर्मनांनीं त्याचें भाषांतर केलें, रशियनांनीं केलें, आणि लाटव्हियनांनीं आंबट या अर्थाच्या 'स्काब्स' शब्दावरून 'स्काबेक्लिस' केलें. एका फ्रेंच विद्वानाची चूक अशा रीतीनें घरोघर मातृभाषेंत बोलली जाऊं लागली. आपला 'प्राणवायु' या बाबतींत भाग्यवान. उज्जवायूला त्यांनीं 'ऊदेन्यरदिस' म्हणजे जलजनक म्हटलें, कर्बाला 'ओग्ले'वरून 'ओग्लेक्लिस'. आणि नत्रवायूला, ज्यांत प्राणी गुदमरतो म्हणून, जर्मनांच्या वळणावर 'स्लापेक्लिस', म्हणजे गुदमरविणारा.

हे शब्द कोणाच्या भाषेंत बनत होते हें ध्यानांत घेतल्यावांचून त्यांचें महत्त्व कळत नाहीं. लाटव्हियन शेतकरी शतकानुशतकें जर्मन जमीनदारांचा भूदास होता. कुर्झेमे प्रांतांत ही दास्यपद्धति १८१७ सालीं, विद्झेमेंत १८१९ सालीं आणि पूर्वेकडील लाटगालेंत थेट १८६१ सालीं संपली. ग्रंथ लिहिणारे बहुधा जर्मन धर्मोपदेशक असत. त्यांतील गोटहार्ड फ्रीडरिख स्टेंडर हा मात्र निराळ्या धातूचा. त्यानें १७७४ सालीं 'जग व निसर्ग यांविषयींच्या उच्च ज्ञानाचें पुस्तक' लाटव्हियन भाषेंत काढलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें इंग्लंडांत प्रीस्टलेनें पाऱ्याचें तांबडें भस्म तापवून प्राणवायु मिळविला. नव्या वायूला अजून धड नांवही मिळालें नव्हतें, तों भूदासांच्या भाषेंत सृष्टिज्ञानाचें पुस्तक छापून तयार होतें! हा स्टेंडर १७९६ सालीं वारला. जन्मानें जर्मन असूनही त्याच्या समाधीवर 'लाटव्हियन' असा शब्द कोरलेला आहे.

इतर जर्मनांचें मत इतकें उदार नव्हतें. ही नांगरधाऱ्यांची बोली, तींत गाय-वासरूं, ऊन-पाऊस एवढेंच बोलतां येईल. शिकलेल्या माणसानें जर्मन व्हावें, हाच त्यांचा सूर. युरिस अलुनान्स या तरुणानें १८५६ सालीं परभाषेंतील कविता लाटव्हियन भाषेंत आणून एक चिमुकलें पुस्तक छापलें, तेव्हां एका धर्मोपदेशकानें उपहासानें 'तरुण लाटव्हिया' असा शब्द वापरला. त्या पिढीनें तोच अंगावर दागिन्यासारखा मिरविला. अलुनान्सनें १८६० पासून 'घर, निसर्ग, जग' या नांवाचीं शास्त्रीय माहितीचीं पुस्तकें काढलीं, शेंकडों शब्द घडविले, आणि १८६४ सालीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तो निवर्तला. त्याच्यामागून आटिस क्रोनवाल्ड्स आला. 'इतिहास' आणि 'पत्र' या अर्थांचे आज रूढ असलेले लाटव्हियन शब्द त्याचेच. मातृभाषेच्या कैवारासाठीं त्यानें १८७२ सालीं जें पुस्तक लिहिलें तें मात्र जर्मन भाषेंत, कारण आक्षेपक जर्मन होते. आपल्याकडे १८३२ सालीं जांभेकरांनीं 'दर्पण' इंग्रजी व मराठी अशा दोन रकान्यांत काढलें, त्याची येथें आठवण होते. ज्याची सत्ता त्याच्या भाषेंतच आपल्या भाषेची वकिली करावी लागते.

रिगा शहरांत १८६२ सालीं तंत्रविद्यालय स्थापन झालें. पुढें १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारा विल्हेल्म ओस्टवाल्ड १८५३ सालीं याच शहरीं जन्मला आणि १८८७ पर्यंत त्यानें तेथेंच अध्यापन केलें. अमोनियापासून नत्राम्ल करण्याची त्याची कृति जगभर खतांच्या व स्फोटक द्रव्यांच्या कामीं आली. 'गुदमरविणाऱ्या' वायूनें पिकें पोसलीं आणि तोफाही भरल्या. पण तें विद्यालय चाललें जर्मन भाषेंत, आणि १८९६ पासून रशियन भाषेंत. बाहेर बाजारांत लाटव्हियन आणि आंत प्रयोगशाळेंत परभाषा, असा तो प्रकार.

मग पहिलें महायुद्ध आलें. इक्श्किले येथें दौगाव्हा नदीच्या कांठीं ज्या ठाण्याला सैनिक 'मृत्यूचें बेट' म्हणत, तेथें १९१६ च्या शरदांत जर्मनांनीं विषारी वायु सोडला आणि लाटव्हियन बंदूकवाले त्यांत सांपडले. 'गाझे' हा पुस्तकी शब्द कित्येक खेड्यांत प्रथम पोंचला असेल तो अशा बातमीबरोबर.

स्वातंत्र्य १९१८ सालीं घोषित झालें. पुढच्याच वर्षीं, देशांत लढाई चालू असतां, नव्या राष्ट्रानें विद्यापीठ काढलें आणि शास्त्रीय परिभाषेसाठीं समिति नेमली! पोटाला अन्न नाहीं आणि वायूंना नांवें हुडकीत बसले, असें व्यवहारी माणूस म्हणेल. मला तर तो त्या राष्ट्राचा शहाणपणा वाटतो. समितीचा शब्दकोश १९२२ सालीं निघाला. सर्वच शब्द घरचे करावे असा हट्ट मात्र लाटव्हियनांनीं धरिला नाहीं. क्लोरिन, हेलियम, निऑन, आर्गॉन यांच्या शेपटाला केवळ आपला पुल्लिंगी स-कार जोडून 'ह्लोर्स', 'हेलिय्स', 'नेओन्स', 'अर्गोन्स' अशीं रूपें त्यांनीं चालविलीं. कर्बाम्लवायूचें जुनें नांव अर्धें घरचें, अर्धें परकें होतें. आज शास्त्रीय पुस्तकांत त्याची जागा आंतरराष्ट्रीय वळणाच्या नांवानें घेतली आहे.

देश १९४० सालीं सोव्हिएट सत्तेखालीं गेला आणि १९९१ सालीं पुन्हां स्वतंत्र झाला. मधल्या काळांत रशियनचें दडपण भाषेवर फार आलें, तरी हे वायु निभावले. 'स्काबेक्लिस'ला तर धोका नव्हताच, कारण रशियन नांवाचा सांचाही तोच अम्लजनकाचा. नत्रवायूची गोष्ट वेगळी. रशियन त्याला 'अझोत' म्हणतात, शेजारच्या लिथुआनियनांनींही 'अझोतस' पत्करलें आहे. लाटव्हियन मुलें आजही शाळेंत 'स्लापेक्लिस'च घोकतात; आणि 'स्लापेस' म्हणजे तहान असल्यामुळें, हा वायु पाण्याशीं संबंधित असावा असा एखाद्या पोराचा समज होत असेल तर त्यांत नवल नाहीं.