लूगर पी. ०८ पिस्तूल व होल्स्टर

लूगर पी. ०८ : जर्मन सैन्याचे ९ मिमी. व्यासाचे, आठ काडतुसांचे अर्धस्वयंचलित पिस्तूल. जर्मन भूदलाने ते १९०८ साली स्वीकारले, म्हणून नावात ‘०८’ हा आकडा आला. कमरपट्ट्याला अडकवायची त्याची कातडी खोळ म्हणजे होल्स्टर. पिस्तूल आणि होल्स्टर या दोन्ही वस्तूंवर त्या कोणी व केव्हा बनवल्या याच्या खुणा उमटवलेल्या असतात. या खुणा वाचता येणे हाच अशा वस्तूंच्या संग्रहाचा पाया होय.

इतिहास : ह्यूगो बोर्शार्ट यांच्या १८९३ च्या बोजड पिस्तुलात सुधारणा करून गेओर्ग लूगर यांनी हे पिस्तूल डीडब्ल्यूएम या कंपनीत घडवले. १९०० मध्ये स्वित्झर्लंडने ते ७.६५ मिमी. व्यासात घेतले. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये १५ सेंमी. नळीचा, तर भूदलाने सुमारे १० सेंमी. नळीचा प्रकार पसंत केला. तोफखान्यासाठी २० सेंमी. नळीचा व लाकडी दस्ता जोडता येणारा प्रकार निघाला. गोळी सुटताच नळी थोडी मागे सरकते, वरचा सांधा गुडघ्यासारखा वर मुडपतो व रिकामे काडतूस बाहेर पडते. हा सांधा पाहूनच लूगर दुरूनही ओळखू येते.

पिस्तुलावरील खुणा : सांध्यावर निर्मात्याचे चिन्ह आणि नळीमागच्या कक्षावर साल, ही सर्वसाधारण मांडणी. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या नगांवर डीडब्ल्यूएमची गुंफलेली अक्षरे किंवा मुकुट व ‘एर्फुर्ट’ हे शाही शस्त्रशाळेचे नाव आढळते. काही कक्षांवर जुन्या सालाच्या जोडीला ‘१९२०’ असते. तो आकडा निर्मितीचा नाही. युद्धानंतरच्या नि:शस्त्रीकरणाच्या काळात पिस्तूल सरकारी मालकीचे असल्याची ती खूण आहे. १९३० मध्ये निर्मिती ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात गेली. पुनर्शस्त्रीकरण लपवण्यासाठी तेथे नावाऐवजी ‘एस/४२’ हा संकेत आला आणि सालाच्या जागी अक्षर. ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५. पुढे ‘४२’ आणि अखेरीस ‘बीवायएफ’ हे संकेत वापरले गेले. जर्मन सैन्यासाठीचे माउझरचे उत्पादन १९४२ मध्ये थांबले.

क्रमांक सहसा चार अंकी असतो व त्याखाली बहुधा एक लहान वळणदार अक्षर असते. दहा हजारांचा गट संपला की पुढचे अक्षर सुरू होई. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून पिस्तूल ओळखता येत नाही. निर्माता, साल, आकडा आणि अक्षर ही चारही अंगे एकत्र वाचावी लागतात. सुट्या लहान भागांवर क्रमांकाचे शेवटचे दोन अंक असतात. ते सर्व जुळले, तर पिस्तूल कारखान्यातून निघाले तसेच उरले आहे असे मानण्यास आधार मिळतो. मॅगझिनचे बूडही तपासावे. तेथे क्रमांकासोबत अधिकचे चिन्ह असेल, तर ते जोडीचे दुसरे मॅगझिन होय.

होल्स्टर : हे जाड, घट्ट कातड्याचे असते. वरची झडप संपूर्ण पिस्तूल झाकते, कडेला जादा मॅगझिनचा कप्पा शिवलेला असतो, तर मागे पट्ट्यासाठी दोन पट्ट्या असतात. झडप उचलली की आतल्या बाजूस छोटा कप्पा दिसतो. त्यात पोलादाचे चपटे अवजार राही. त्याचे टोक पेचकसाचे काम करी आणि त्याच्या भोकात मॅगझिनची गुंडी अडकवून स्प्रिंग खाली दाबता येई. आत ओवलेला कातडी पट्टा ओढला की पिस्तूल वर सरके. पहिल्या महायुद्धातील होल्स्टर बहुधा तपकिरी असते, दुसऱ्यातील काळे. पाठीवर कारागिराचे नाव, गाव व साल ठशाने उमटवलेले असते. दुसऱ्या महायुद्धात नावाऐवजी संकेताक्षरेही आली. १९३८ मध्ये स्वीकारलेल्या वाल्टर पी. ३८ पिस्तुलाचे होल्स्टर वरवर सारखे दिसते. अशा वेळी पाठीवरचा ‘पी. ०८’ किंवा ‘पी. ३८’ हा ठसा निर्णायक ठरतो. होल्स्टर व पिस्तूल यांचे साल वेगवेगळे असणे हा दोष नव्हे, कारण दोन्ही वस्तू वेगवेगळ्या हातांनी बनत.

बनावट व डागडुजी : पुन्हा मुलामा देण्याआधी पृष्ठभाग घासला जातो, म्हणून अशा पिस्तुलावर अक्षरांच्या कडा गोल व उथळ झालेल्या दिसतात. १९३७ च्या सुमारापर्यंत चाप, सेफ्टीचा खटका यांसारखे लहान भाग तापवून सोनेरी-पिवळ्या छटेचे केलेले असत. त्या काळच्या नगावर ते काळे दिसले की शंका घ्यावी. नाझी संघटनांची चिन्हे किंमत वाढवण्यासाठी मागाहून ठोकण्याचे प्रकार फार आहेत. होल्स्टरच्या शिवणीवर अतिनील दिवा धरला असता दोरा पांढरा-निळा चमकला, तर तो बहुधा युद्धोत्तर असतो.

जतन : पिस्तूल कधीही होल्स्टरमध्ये ठेवू नये. कातडे दमट हवेतील ओलावा धरून ठेवते व त्यातील आम्लाने पोलाद गंजते. कातड्याला तेल चोपडू नये. ते मऊ पडून शिवण सुटते. चकचकीत करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. घासून निघालेली खूण परत आणता येत नाही, आणि तिच्यासोबत त्या वस्तूचा पुरावाही जातो.

भारताशी संबंध : माउझर सी. ९६ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाचे लाकडी होल्स्टर मुठीला जोडून खांद्याला टेकवण्याचा दस्ता म्हणून वापरता येई. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यातील रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून बंगालमधील क्रांतिकारकांनी अशी ५० पिस्तुले व ४६,००० काडतुसे पळवली. पिस्तुलांवर क्रमांक असल्याने पुढील धरपकडीत सापडलेली शस्त्रे त्याच मालातील असल्याचे पोलिसांना ताडून पाहता आले. आज भारतात चालू स्थितीतील लूगर बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या परवान्यावाचून गुन्हा आहे, शिवाय ९ मिमी. व्यास प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतो. त्यामुळे येथील अभ्यासकाला होल्स्टर, अवजारे, छायाचित्रे व कागदपत्रे यांचाच संग्रह करणे सोयीचे. प्रत्येक वस्तूवरील ठसे जसेच्या तसे टिपावेत, ती कोठून आली ते लिहून ठेवावे आणि न जुळणारी जोडी जुळवून दाखवू नये.