साथीच्या पहिल्या दिवसांत



वारीत आपल्याला एक गोष्ट कोणी न शिकवता येते. समोर आलेला कोण, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा हे विचारण्याआधीच आपण त्याच्या पाया पडतो आणि तोही आपल्या पाया पडतो. संप्रदायाची ओळखच या वाकण्यात आहे. पण ज्या दिवसांत दुसऱ्याच्या जवळ जाण्याचेच भय वाटू लागते, त्या दिवसांत या वाकण्याचे काय करायचे? २०२० च्या आषाढीला हा प्रश्न आपल्या उंबऱ्यावर आला होता. पायी सोहळा झाला नाही. ३० जूनला संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी १ जुलैची एकादशी घरातच केली. त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न आपल्याच मुंबई-पुण्यात याहून कठीण रूपात आला होता. तेव्हा माणसे कशी वागली, हे आज जरा शांतपणे पाहू या. पुन्हा कधी अशी वेळ आली तर आपण कसे वागायचे, ते त्यातून कळेल.

सन १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची मोठमोठी गोदामे होती आणि त्यांना चिकटून दाटीची वस्ती. पावसाळ्याच्या अखेरीस तिथे उंदीर मरून पडू लागले. मग माणसांना सणसणून ताप यायला लागला, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि तीन-चार दिवसांत माणूस जाई. त्या भागात दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे आणि मुंबई महापालिकेचे सभासद. त्यांनी ही लक्षणे ओळखली आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी उघडपणे सांगितले की हा गाठीचा प्लेग आहे.

हे नाव उच्चारणे सोपे नव्हते. मुंबई हे मोठे बंदर. इथे प्लेग आहे असे जगाला कळले की परदेशची बंदरे इथली जहाजे अडवणार, माल पडून राहणार, गिरण्यांना आणि व्यापाराला फटका बसणार. त्यामुळे सुरुवातीला अधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी ‘संशयास्पद ताप’ असे शब्द वापरत राहिली. घरात आजार आला की आपणही ‘काही नाही, थोडी कणकण आहे’ असेच म्हणतो. शहरानेही तेच केले. साथ आली की माणसाचे पहिले वागणे हे असते, की तो तिचे नाव घेत नाही.

दुसरे वागणे पळण्याचे. त्या वेळी मुंबईची वस्ती सव्वाआठ ते साडेआठ लाख होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली, असा तेव्हाचा अंदाज आहे. कोणी आगगाडीने, कोणी गलबताने, कोणी डोक्यावर बोचके घेऊन चालत. त्यांना दोष कसा द्यावा? गिरणी बंद पडायला आलेली, खोलीत आठ-दहा माणसे, शेजारच्या खोलीतून काल प्रेत निघालेले. माणूस आपल्या गावाकडेच धावणार. पण त्याच बोचक्यांतून, त्याच धान्याच्या पोत्यांतून रोगही गावोगाव गेला. २०२० च्या उन्हाळ्यात शहरांतून गावाकडे चालत निघालेली माणसे आणि वेशीवर काट्या टाकून अडवलेले रस्ते तुम्ही पाहिले आहेत. त्या दोन्ही बाजूंना भीतीच उभी होती.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईच्या पालिका आयुक्तांनी हुकूम काढला की प्लेगचा रोगी सापडला की त्याला रुग्णालयात न्यायचे, गरज पडली तर बळाने. ज्या घरात रोग निघाला ते घर धुवायचे, सामान जाळायचे. आर्थर रोडवर रोग्यांसाठी रुग्णालय होते. लोकांना दिसत होते ते एवढेच, की तिथे नेलेला माणूस बहुधा परत येत नाही. पुष्कळदा रोगी शेवटच्या घटकेलाच तिथे पोचे, हे त्याचे एक कारण होते. पण ज्याचा बाप गेला त्याला हे कारण कसे पटावे? शेवटच्या क्षणी तोंडात तुळशीचे पाणी घालायला आपले माणूस जवळ नाही, स्पर्श कोणाचा होतो ते ठाऊक नाही, अंत्यसंस्काराचे काय होईल ते कळत नाही, हे दुःख मरणापेक्षा मोठे वाटत होते.

अशा जागी अफवा लगेच रुजते. रुग्णालयात माणसांना टांगून त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचे तेल काढतात, डॉक्टर विष देऊन मारतात, असे लोक एकमेकांना सांगू लागले. आज आपल्याला हसू येईल. पण हसू नका. ज्या कारभाराने कधी प्रेमाने दारात पाऊल टाकले नाही, तो आज अचानक आपल्या भल्यासाठी माणूस ओढून नेतो आहे, यावर गरिबाने विश्वास ठेवावा तरी कशाच्या बळावर? २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्यानंतर लगेच हुकूम सैल झाला आणि ज्यांची घरीच वेगळी सोय होऊ शकते त्यांना बळाने हलवायचे नाही असे ठरले.

हुकूम सैल होण्यामागे आणखी एक भीती होती. शहराचा मैला आणि कचरा वाहणारे सफाई कामगार घाबरून मुंबई सोडून गेले तर काय, ही चिंता आयुक्तांना लागली होती. ते गेले असते तर शहर राहण्याजोगे उरले नसते. एरवी ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते, ज्यांची सावलीही लोकांना नको होती, त्यांच्याच खांद्यावर सगळे शहर उभे आहे, हे साथीने दाखवून दिले. पंढरीच्या महाद्वारी नामदेव पायरीजवळच चोखोबारायांची समाधी आहे. तिथे डोके टेकताना हेही आठवावे.

आता लपवण्याविषयी. माणूस ओढून नेतात म्हटल्यावर लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, अंथरुणांच्या ढिगामागे, शेजारच्या घरात. मरण झाले तरी वाच्यता होऊ देत नसत. रोगी दडला की औषधपाणी नाही आणि त्याच घरात बाकीची माणसे तशीच राहणार. त्यामुळे सक्तीने रोग उघडा पडण्याऐवजी आणखी आत दडला.

खरे तर तेव्हा डॉक्टरांनाही रोगाची वाट नीट ठाऊक नव्हती. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांच्या पिसवांतून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षे लागली. तोवर गटारे धुतली जात होती, भिंतींना चुना लागत होता, गरिबांच्या गोधड्या जळत होत्या. खेड्यांतल्या माणसांनी मात्र अनुभवाने एक खूण धरली. उंदीर पडू लागले की घरे सोडायची आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे. तुमच्या गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाने त्या झोपड्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील. पुढे सरकारनेही घर सोडून बाहेर राहण्याचा हा उपाय खराच उपयोगी मानला.

मुंबईहून रोग पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्याची प्लेग समिती वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे सोपवली गेली. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत आठशेहून अधिक सैनिक आणि अधिकारी पुण्यात घरतपासणी करत होते. धर्मभावना सांभाळा, अशा सूचना कागदावर होत्या. पण देवघरात आणि स्वयंपाकघरात बूट गेले, बायामाणसांचा मान राहिला नाही, सामान बाहेर फेकले गेले, अशा तक्रारी शहरभर झाल्या. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो इतिहास तुम्ही शाळेत वाचला आहे, इथे त्याचा विस्तार करत नाही.

मला तुमचे लक्ष त्याच्या तीन दिवस आधीच्या एका तारखेकडे न्यायचे आहे. सैनिक घराघरांत शिरू लागले ते १३ मार्चला. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तिथे सेवेला राहिल्या. मुंढव्याजवळच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी आहे, हे कळल्यावर त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

सावित्रीबाई सत्यशोधक समाजाच्या. त्यांची वाट आपल्या संप्रदायाची नव्हती आणि त्यांना ओढून आपल्या दिंडीत उभे करण्याचे कारण नाही. पण पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्या दरवर्षी हडपसरवरूनच पुढे जातात. माऊलींची पालखी तिथून दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबारायांची लोणीकडे. म्हणजे ज्या भागात एका म्हाताऱ्या बाईने एका अस्पृश्य मानलेल्या, प्लेग झालेल्या लेकराला पाठीवर घेतले, तो भाग वर्षानुवर्षे तुमच्या पायाखाली येतो आहे. या आषाढीला हडपसर आले की टाळ वाजवता वाजवता एवढे मनात आणा.

आता नीट पाहा. सैनिकही रोग्याला घरातून बाहेर काढून दवाखान्याकडे नेत होते आणि सावित्रीबाईंनीही रोग्याला घरातून उचलून दवाखान्यातच आणले. काम एकच. एकाला लोकांनी दार लावून घेतले, रोगी लपवले. दुसरीच्या पाठीवर आईबापांनी आपले लेकरू दिले. रोग्याला वेगळे ठेवणे लोकांना मुळातच नको होते असे नाही. मुंबईत पारशी, जैन, हिंदू, मुसलमान अशा समाजांनी आपापली रुग्णालये उघडली, तेव्हा तिथे लोक गेले. पुण्यातही पुष्कळ मोठी मंडळी शहर सोडून गेली असताना लोकमान्य टिळक मागे राहिले आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालवले गेले, तिथेही लोक आले. लोकांना भीती होती ती आपल्या माणसाची तिथे विटंबना होईल याची.

मग आपण काय घ्यायचे? काही जण म्हणतील, विठ्ठलावर भरवसा असताना साथीला घाबरून घरात कशाला बसायचे? माऊली, आपला संप्रदाय नेमाचा आहे. एकादशीचा नेम आपण पोटाला चिमटा घेऊन पाळतो, तेव्हा त्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरी आजार जाऊ नये म्हणून चार दिवस अंतर ठेवणे हाही नेमच आहे. एके काळी वारीला जाताना पटकीची लस टोचून घ्यावी लागे. हात दुखायचा, तरी वारकरी सुई घेत आणि पुढे चालत. त्यांची निष्ठा त्यामुळे कमी झाली नाही.

दुसरे, रोगाचे नाव लवकर घ्यावे. व्हिएगसांनी ते घेतले म्हणून पुढचे उपाय सुरू तरी झाले. घरात आजार आला तर तो शेजाऱ्याला कळणे ही लाज नव्हे. आणि गावात कोणाच्या घरी आजार कळला तर त्या घराकडे बोट दाखवणे हे पाप आहे, कारण आज बोट दाखवले की उद्या दुसरा लपवणार. कोणी काही ऐकवले तर पुढे सांगण्याआधी एक रात्र थांबावे.

तिसरे आणि सगळ्यांत अवघड. साथीच्या काळात सरकारचा माणूस दारात येईलच. पण त्याच्या आधी गावातल्या भजनी मंडळाचा माणूस तिथे पोचावा. डबा घेऊन, दाराबाहेर उभा राहून, ‘माऊली, काय हवे नको?’ असे विचारत. ज्या घरी हा प्रश्न आधी पोचला, त्या घरातला रोगी माळ्यावर दडवला जाणार नाही. तुमच्या दिंडीची, भजनी मंडळाची यादी तयारच असते. कोण एकटे राहते, कोणाची मुले परगावी आहेत, कोण कचरा उचलायला येते आणि आजारी पडले तर त्याला कोण पाहील, एवढे तिच्यात आजच लिहून ठेवा. साथ आल्यावर लिहायला वेळ मिळत नाही.

त्या एका साथीने पुढच्या तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यातली कित्येक नावे कुठल्याही कागदावर नाहीत. मुंढव्याच्या त्या मुलाचे नाव मात्र आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याला कोणीतरी पाठीवर घेतले होते. त्याचे नाव पांडुरंग होते.

रामकृष्ण हरी.