विद्यार्थी सभा ते विद्यार्थी परिषद : महाविद्यालयीन विद्यार्थी मंडळांच्या वाटचालीचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : पश्चिम विदर्भ)

बीजसंज्ञा : विद्यार्थी मंडळ, स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजना, विद्यार्थी परिषद, अमरावती विद्यापीठ, वऱ्हाड

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी विद्यापीठांची स्थापना, संस्थापकांचे कार्य, अनुदान आणि अभ्यासक्रम यांकडे पुरेसे लक्ष दिले आहे. विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर चालवलेल्या सभा, वक्तृत्व मंडळे, नाट्यसंघ, हस्तलिखिते आणि स्नेहसंमेलने यांचा उल्लेख मात्र बहुधा गौरवग्रंथांच्या शेवटच्या पानांवर, तोही छायाचित्रांच्या सोबतीने येतो. ‘अभ्यासेतर उपक्रम’ या संज्ञेतच हे दुय्यमत्व गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत निबंधात या उपक्रमांचा विचार दोन साध्या प्रश्नांच्या आधारे केला आहे. मंडळाचा विषय कोणी ठरवला, आणि मंडळ दिवसाच्या कोणत्या वेळी भरले? पहिला प्रश्न सत्तेचा आहे, तर दुसरा वरवर किरकोळ वाटणारा असला तरी वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावातून रोज एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो.

१८४८ ची विद्यार्थी सभा :

विद्यार्थ्यांच्या संघटित मंडळांची कल्पना पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर भारतात आली. केंब्रिज येथे १८१५ मध्ये व ऑक्सफर्ड येथे १८२३ मध्ये वादविवाद मंडळे स्थापन झाली होती. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजमधील तरुण शिक्षक हेन्री डिरोझिओ याच्या प्रेरणेने १८२८ च्या सुमारास ‘अकॅडेमिक असोसिएशन’ सुरू झाली. मुंबईत १३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. त्या वेळी मुंबई विद्यापीठ अस्तित्वात यायला आणखी नऊ वर्षे होती. म्हणजे महाराष्ट्रात विद्यापीठापेक्षा विद्यार्थी मंडळ वयाने मोठे आहे, ही बाब आवर्जून नोंदविण्यासारखी आहे.

प्रा. पॅटन यांचे प्रोत्साहन या सभेला लाभले होते. निबंधवाचन व त्यावर चर्चा हे तिचे मूळ काम होते. अल्पावधीतच देशी भाषांत ज्ञानप्रसार करण्यासाठी तिच्या शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे होते आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. आरंभीच्या मराठी नियतकालिकांच्या इतिहासात या मासिकाला महत्त्वाचे स्थान आहे. त्याचा उगम एका विद्यार्थी मंडळात आहे, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

सभेचे खरे कर्तृत्व चर्चेच्या बाहेर घडले. १८४९ मध्ये बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. असे निबंध तेव्हाही वाचले जात आणि टाळ्यांनंतर विसरले जात. या वेळी मात्र दादाभाई नौरोजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंधातील विचार प्रत्यक्षात आणण्याचे ठरवले. सभासदांनी स्वतः विनावेतन शिकवण्याची जबाबदारी घेतली आणि पारशी व मराठी मुलींसाठी शाळा उघडल्या. आदल्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती, हे लक्षात घेता या प्रयत्नाचे सामाजिक पर्यावरण स्पष्ट होते. मुली मिळवण्यासाठी हे तरुण घरोघर फिरले. काही पालकांनी जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिल्याची आठवण दादाभाईंनी उतारवयात नोंदवून ठेवली आहे. गिरगावात मराठी मुलींच्या शाळेसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी साहाय्य केले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी सभेचे अध्यक्षपद भूषविले.

येथे वेळेचा मुद्दा विशेष लक्षणीय आहे. या शाळा सकाळी, सभासदांच्या स्वतःच्या कामाची वेळ सुरू होण्यापूर्वी भरत. सभासद मुंबईतच राहत असल्यामुळे हे शक्य झाले. सभेचे यश हे तिच्या सभासदांच्या ध्येयवादाइतकेच शहरातील वास्तव्याचेही फळ होते, असे म्हणावे लागते. ध्येयवादाचे कौतुक करताना हा दुसरा भाग नेहमी गळून जातो.

राजकारण आणि शिस्त :

विद्यार्थी मंडळे मुलींना अक्षरओळख करून देत होती तोवर सरकारने व महाविद्यालयांनी त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिले. वंगभंगानंतर ही दृष्टी बदलली. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले व विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागाबद्दल संस्थांचे अनुदान रोखण्याची धमकी देण्यात आली. त्याच महिन्यात पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेणारे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढण्यात आले. ही कारवाई करणारे प्राचार्य रँग्लर परांजपे वैयक्तिक मतांनी प्रागतिक होते. तरीही महाविद्यालयाचे अनुदान व मान्यता सांभाळण्याची जबाबदारी असलेला प्राचार्य आणि सभेचा विषय स्वतः ठरवू पाहणारा विद्यार्थी यांच्यातील ताण तेव्हापासून कायमचा झाला.

विदर्भाने या ताणाचा दुसरा टप्पा जवळून पाहिला. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच सुमारास लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदही नागपुरातच झाली. असहकाराच्या कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांवरील बहिष्काराचा समावेश होता. मंडळ चालवण्याऐवजी महाविद्यालयच सोडावे, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे प्रथमच इतक्या उघडपणे उभा राहिला.

वऱ्हाडातील स्थिती :

या घडामोडींत वऱ्हाडातील ग्रामीण विद्यार्थी कोठे होता? १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हाचे ‘बासीम’ म्हणजे आजचे वाशीम, हे १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठिकाण होते. त्यानंतर ते अकोला जिल्ह्यात विलीन झाले व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाले. उच्च शिक्षणासाठी येथील तरुणाला मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठावे लागे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये व मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले ते १९२३ मध्ये, आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय उघडले.

वऱ्हाडात विद्यार्थिजीवनाला आकार देण्याचे काम महाविद्यालयाच्या सभागृहापेक्षा आखाड्याने व वसतिगृहाने अधिक केले. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांना शिस्तबद्ध रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. एखाद्या महाविद्यालयाच्या क्रीडाविभागालाही साधणार नाही असे हे यश होते, आणि ते विद्यापीठाच्या चौकटीबाहेर मिळाले.

वसतिगृहाचे महत्त्व याहून मूलभूत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली, त्यामागील सूत्र वऱ्हाडातही लागू पडले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने छात्रालय सुरू केले आणि विविध जातींच्या मुलांना एकत्र राहण्याची सोय केली. शिक्षणाची सोय म्हणून वसतिगृहाकडे पाहिले जाते, ते योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या मुलाला संध्याकाळ मिळवून देणारी ही पहिली संस्था होती. वादविवाद, भजन, नाटकाची तालीम, वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन या साऱ्या गोष्टी संध्याकाळी घडतात. गावी परतणाऱ्या मुलाची संध्याकाळ गोठ्यात किंवा वाटेवर जाई.

मराठवाड्यातील एक उदाहरण या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयात, म्हणजे पुढील मिलिंद महाविद्यालयात, खेड्यापाड्यांतून आलेले दलित विद्यार्थी वसतिगृहात राहत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक त्यांनी रंगमंचावर आणले. स्नेहसंमेलनातील नाटक म्हणजे पुण्या-मुंबईच्या यशस्वी प्रयोगाची नक्कल, असा सर्वत्र प्रघात असताना येथे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या इतिहासाला नाट्यरूप मिळाले. पुढे दलित साहित्य चळवळीला या परिसराने लेखक व वाचक दोन्ही दिले. वसतिगृह नसते तर या तालमी झाल्या नसत्या, हे विधान धाडसाचे ठरू नये.

शासनाचा प्रवेश :

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थी उपक्रमांचा प्रवर्तक म्हणून शासन पुढे आले. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्र सेना स्थापन झाली. १९५४ मध्ये दिल्लीत आंतरविद्यापीठीय युवक महोत्सव भरला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० स्वयंसेवकांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा परिचित साचा होय. पुण्यात ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने १९६३ पासून सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसारखे अशासकीय उपक्रम या काळात बहरले, पण त्यांची मुळे मोठ्या शहरांतच राहिली.

१ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. २००५ मध्ये त्याला संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. जुन्या विद्यापीठांच्या तुलनेत लहान आणि प्रामुख्याने ग्रामीण अशा या विद्यापीठात सेवा योजनेला विशेष स्थान मिळणे स्वाभाविक होते. खराटा हातात घेऊन गावे झाडणाऱ्या आणि १९५६ मध्ये अमरावतीनजीक वलगाव येथे देह ठेवणाऱ्या संताचे नाव विद्यापीठाला असल्याने ग्रामस्वच्छतेच्या शिबिरांना एक नैतिक अधिष्ठानही लाभले. मात्र योजनेची मूळ कल्पना शहरी विद्यार्थ्याला खेड्याची ओळख करून देण्याची होती. येथील स्वयंसेवक स्वतःच खेड्यातून येतो. त्याने सात दिवस शेजारच्या गावात जाऊन नाली उपसायची आणि परतल्यावर आपल्या गावातील नाली तशीच पाहायची, या विसंगतीचा विचार योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत सापडत नाही. असे असले तरी शिबिरातील सात रात्री अनेक विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, घराबाहेर मिळालेल्या पहिल्या रात्री असतात. बौद्धिक सत्रांपेक्षा हा लाभ मोठा असू शकतो.

युवा महोत्सवाने वेगळा परिणाम घडवला. तांड्यावरील लेंगी गीते किंवा गावातील दंडार, पोवाडा, भारूड यांना रंगमंच मिळाला, त्याचबरोबर मिनिटांची मर्यादा, कलावंतांची संख्या आणि परीक्षकांचे गुणपत्रकही मिळाले. रात्रभर चालणारा प्रकार काही मिनिटांत बसवताना त्यातील प्रश्नोत्तरे व स्थानिक टोमणे प्रथम वगळले जातात.

कायदा आणि विद्यार्थी परिषद :

१९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली. त्यानंतर थेट निवडणुकांविरुद्ध जनमत तयार झाले व महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ ने त्या बंद केल्या. त्या कायद्याच्या कलम ४० नुसार प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी परिषदेवर येऊ लागला. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, सेवा योजना व छात्र सेना यांचे प्रतिनिधी आणि दोन विद्यार्थिनी यांची नियुक्ती प्राचार्यांकडे सोपवण्यात आली. हिंसा थांबवण्याचा हेतू निर्विवाद होता. परंतु महानगरातील एका हिंसक घटनेवरचा उपाय, जेथे अशी हिंसा घडली नव्हती अशा लहान गावांतील महाविद्यालयांनाही सरसकट लागू झाला. सचिवपदाची निवड या मोजक्या सदस्यांपुरती उरली. परीक्षेतील गुण आणि सभा चालवण्याची क्षमता यांचा संबंध काय, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही.

विद्यार्थी निवडणुकांबाबत नेमलेल्या लिंगडोह समितीचा अहवाल २००६ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रात त्यासाठी दहा वर्षे जावी लागली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला व त्याच्या कलम ९९ ने खुल्या निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये निवडणुकांचा कार्यक्रम जाहीर झाला, विधानसभा निवडणुकीमुळे तो पुढे ढकलला गेला आणि लगेच करोनाच्या साथीने महाविद्यालयेच बंद केली.

दरम्यान राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ने दुसऱ्या बाजूने बदल आणला. महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या पदवी आराखड्यात सेवा योजना, छात्र सेना, क्रीडा, योग व सांस्कृतिक उपक्रम यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळाले. उपक्रम वेळापत्रकात आल्यामुळे ते दुपारी घेणे भाग आहे, आणि शेवटच्या एस.टी.ची घाई असलेल्या आसेगावच्या विद्यार्थिनीला तालमीला थांबता येण्याची शक्यता त्यामुळे प्रथमच निर्माण झाली आहे. तालमीचा विषय मात्र आता अभ्यास मंडळ मंजूर करते, आणि १८४९ मध्ये बेहरामजी गांधींनी निबंध वाचल्यानंतर सभेत जे घडले त्यासाठी या आराखड्यात श्रेयांकांचा रकाना नाही.