अकानच्या बर्फाखाली

होक्काइदो बेटाच्या पूर्वेला अकान नावाचं तळं आहे. त्यातल्या एका हिरव्या शेवाळाला जपान सरकारने 1921 साली नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला, आणि 1952 साली त्यावर ‘विशेष’ अशी आणखी एक मोहोर उठवली. सातारच्या कॉलेजात मी सगळी नोकरी शैवालं शिकवण्यात घालवली, पण शेवाळाची एवढी बडदास्त दुसरीकडे कुठे ठेवलेली मला माहीत नाही. आमच्याकडे ती विहिरीच्या पायऱ्यांवरून खरवडून टाकायची वस्तू. मुलगी सप्पोरोला राहायला गेली तेव्हा तिच्या नव्या संसारापेक्षा अकान टप्प्यात आल्याचा आनंद मला जास्त झाला होता. तिलाही ते माहीत आहे.

हे शेवाळ म्हणजे मारिमो. शास्त्रीय नाव एगाग्रोपिला लिनेई. बी.एस्सी.ला ज्यांनी क्लॅडोफोराची आकृती काढली असेल त्यांनी हे जवळजवळ पाहिलंच म्हणायचं; तसेच फांद्या फुटलेले तंतू, तसाच गडद हिरवा रंग. बराच काळ त्याची गणना क्लॅडोफोरातच होत असे. दगडाला चिकटून किंवा पाण्यात सुट्या पुंजक्यांनी ते थंड मुलखातल्या पुष्कळ तळ्यांत वाढतं, त्यात नवल नाही. नवल आहे ते गोळ्याचं. अकानमध्ये तीस सेंटीमीटर व्यासाचे गोळे होतात. आत खडा नाही, बी नाही, नुसते मध्यापासून बाहेर पसरलेले तंतू. उथळ उपसागरात वाऱ्याने लाटा उठतात, लाटांनी गोळे जागच्या जागी फिरतात, अंगावरचा गाळ झडतो आणि प्रत्येक बाजूला आळीपाळीने ऊन मिळतं. गोळा फार मोठा झाला की आतून पोकळ होतो, कधीतरी फुटतो, आणि तुकड्यांचे पुन्हा गोळे होऊ लागतात. वारा, उतार, गाळ, झऱ्याचं पाणी, सगळं जमून यावं लागतं, म्हणून तर मोठे गोळे जगात इतके दुर्मीळ.

युरोपला हे शेवाळ आधीपासून ठाऊक होतं. लिनियसने 1753 सालीच त्याची नोंद केली आहे, आणि 1820 च्या दशकात आन्टोन साउटर या वैद्याला ऑस्ट्रियातल्या झेल तळ्यात त्याचे गोळे सापडले. आज त्या तळ्यात एकही गोळा नाही. अकानमध्ये ते पाहिले सप्पोरोच्या कृषी महाविद्यालयातल्या कावाकामी ताकिया या विद्यार्थ्याने, 1897 साली. मारिमो हे नाव त्यानेच पुढच्या वर्षी रूढ केलं. होक्काइदोचे मूळ रहिवासी असलेले ऐनू लोक त्या काठावर कितीतरी आधीपासून राहत होते, तेव्हा ‘शोध’ हा शब्द इथे जरा बेतानेच वापरायला हवा.

शोध लागल्यावर पन्नास वर्षांत मारिमोच्या वाट्याला काय काय आलं ते पाहिलं की स्मारकाचा दर्जा कागदावरच होता असं वाटतं. काठाच्या जंगलांत लाकूडतोड सुरू झाली, ओंडके पाण्यातून वाहून नेले जाऊ लागले, गाळ आला. गोळ्यांच्या चार वसाहती होत्या त्यांतल्या दोन बुजल्या. उत्तर किनाऱ्यावरच्या चुरुई आणि किनेतांपे या दोनच उरल्या. मग तळ्याचं पाणी विजेसाठी घेणं सुरू झालं. पातळी खाली गेली की काठालगतचे गोळे उघडे पडत आणि सुकून जात. त्यात चोर. दर्जा मिळाल्याने मारिमोची कीर्ती झाली आणि कीर्तीने गिऱ्हाइकं आणली.

या सगळ्यात एक माणूस मात्र मला आवडतो. माएदा मासाना हे कृषी खात्यातले बडे अधिकारी. त्यांना 1906 साली अकानच्या काठची जमीन मिळाली. ती तोडून विकायची की पाहायला ठेवायची, या प्रश्नावर ते पाहायला ठेवण्याच्या बाजूला झुकले. पुढे त्यांच्या घराण्याने ती एका प्रतिष्ठानाच्या हवाली केली, आणि 1934 साली भोवतालचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. तळ्याभोवती आज जी झाडी दिसते तिच्यामागे हा निर्णय आहे. गाळ थोडा कमी आला असेल तर त्याचंही श्रेय तिथेच जातं.

1950 साली पाणी फार उतरलं आणि किनाऱ्यावर मेलेल्या गोळ्यांचा खच पडला, तेव्हा काठच्या गावाला जाग आली. नेलेले मारिमो परत करा, असं आवाहन झालं आणि जपानभरातून लोकांनी ते खरंच परत पाठवले. ते तळ्यात सोडण्यासाठी त्याच वर्षी उत्सव भरवला. तो आजही दर ऑक्टोबरात होतो. ऐनू वडीलधारी मंडळी मारिमोचं स्वागत करतात, रात्री मशाली घेऊन मिरवणूक निघते, आणि शेवटी कोरीव होडीतून गोळे पाण्यात परत सोडले जातात. पर्यटक याला प्राचीन परंपरा समजतात. विधींचा घाट जुना आहे, पण उत्सव माझ्या थोरल्या बहिणीपेक्षा लहान आहे. मला यात उणं काही वाटत नाही. कुठलाही उत्सव कधीतरी पहिल्यांदाच होतो, आणि चोरीचा माल परत करण्यासाठी सुरू झालेला दुसरा उत्सव मी ऐकलेला नाही.

प्रेमकथेचं मात्र वेगळं आहे. सेतोना आणि मानिबे या दोन ऐनू प्रेमिकांचे आत्मे मारिमो झाले, असं दुकानात प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं. ही कथा 1920 च्या दशकात एका जपानी पत्रकाराने लिहिली. ऐनूंची ती नव्हेच. पण तिने धंदा उभा केला. 1953 साली मारिमोवरचं गाणं देशभर गाजलं, 1956 साली 55 येनच्या तिकिटावर मारिमो झळकला, सप्पोरो ते कुशिरो एके काळी धावणाऱ्या रात्रीच्या गाडीलाही त्याचंच नाव मिळालं. अकानचा गोळा विकणं गुन्हा, म्हणून दुकानात जे बाटलीबंद मारिमो मिळतात ते दुसऱ्या तळ्यातले सुटे तंतू घेऊन लाडू वळावा तसे हाताने वळलेले. बाहेरच्या देशांतही मारिमो विकला जातो, तो बहुधा युरोपातला. 2021 साली युक्रेनहून अमेरिकेत गेलेल्या गोळ्यांत उपद्रवी झेब्रा शिंपले निघाले, तेव्हा तिथल्या दुकानांना ते मागे घ्यावे लागले.

इथपर्यंतच्या गोष्टीत प्रत्येक संकटाला एक तोंड होतं. ओंडके वाहणारा ठेकेदार, वीज कंपनी, चोर, आणि पुढे तळ्यात सांडपाणी सोडणारी काठच्या गरम झऱ्यांवरची हॉटेलं. त्यांना अडवता येत होतं आणि पुष्कळदा अडवलंही गेलं. आताचं दुखणं निराळं आहे.

हवा तापली तर थंडीतलं शेवाळ उन्हाळ्यात उकडून मरेल, असं माझा विद्यार्थी परीक्षेत लिहील आणि मी त्याला अर्धे गुण देईन. अर्धे, कारण ते अगदीच खोटं नाही. कोबे विद्यापीठाच्या नाकायामा केइसुके यांच्या चमूने गोळ्यांचा एमआरआय काढला. पाणी जितकं जास्त काळ उबदार, तितका गोळ्याचा बाहेरचा जिवंत थर पातळ, असं त्यांना आढळलं. गोळा आतून कुजत जातो. उरलेले अर्धे गुण हिवाळ्यासाठी. अकान दरवर्षी गोठतं, बर्फ अर्ध्या मीटरपर्यंत जाड होतो आणि वर हिम साचतं. त्याखाली मारिमो अंधारात, थंडीत, सुखाने असतो. हे आवरण उशिरा धरलं किंवा लवकर सुटलं, की पाणी बर्फासारखंच गार असतं पण वरून ऊन मात्र सरळ अंगावर येतं. तीव्र प्रकाशाने प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा रोजच मोडत असते आणि पेशी ती रोजच दुरुस्त करते. थंडीत ती दुरुस्ती संथ होते. टोकियो विद्यापीठाच्या कोनो मासारू आणि सहकाऱ्यांनी 2023 साली हे प्रयोगशाळेत करून पाहिलं. गार पाण्यात चार तासांपर्यंतच्या कडक प्रकाशातून मारिमो सावरला. सहा तासांच्या पुढे पेशी मेल्या. म्हणजे तापमानवाढीने तो उन्हाने मरतो खरा, पण गार पाण्यात असताना.

आइसलँडच्या मीवात्न तळ्याची हकिकत याच्या अगदी उलट आहे. तिथेही असेच मोठे गोळे होते; कोळ्यांच्या जाळ्यात ते येत. तळाचा डायटमाइट, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा थर, 1967 ते 2004 उपसला गेला, पोषकद्रव्यं वाढली, नीलहरित जिवाणूंनी पाणी गढूळ केलं आणि प्रकाश तळाशी पोचेना. 2014 च्या सुमारास तिथले गोळे संपले. एका तळ्यात अंधाराने, दुसऱ्यात उजेडाने. एकाच जातीचं शेवाळ दोन्हीकडे संकटात असेल तर ‘हवामानाचा परिणाम’ असं एका ओळीत लिहून चालत नाही. तळ्यागणिक वेगळं उत्तर लिहावं लागतं.

अकानच्या चुरुईत आणखी एक पेच आहे. सांडपाणी थांबवल्यावर पाणी स्वच्छ झालं, आणि स्वच्छ पाण्यात सेन्निन्मो ही पाणवनस्पती दाटली. तिने लाटा अडवल्या, गोळे फिरेनासे झाले. ती उपटून काढण्याचे प्रयोग तिथे सुरू आहेत.

हिवाळ्यात त्याच तळ्यावर बर्फाला भोकं पाडून वाकासागी मासे धरण्याचा धंदा चालतो. पर्यटक येतात, तंबूत बसतात, पकडलेले मासे तिथेच तळून खातात. बर्फ पुरेसा जाड नसेल तर कोणालाही वर पाऊल टाकू देत नाहीत, म्हणून त्याची जाडी ते रोज मोजतात. लाकूडवाले, वीजवाले, हॉटेलवाले, पाकिटं विकणारे, इतक्या सगळ्यांनी अकानवर पोट भरलं; मारिमोला जे हवं तेच ज्यांना हवं आहे असे व्यापारी तिथे मला हेच पहिले दिसले.