घर हेच कामाचे ठिकाण : पक्षाघातग्रस्त, शुश्रूषाकर्ते आणि गृहाधारित श्रमाचा इतिहास
(विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आरोग्याचा इतिहास बहुतांशी साथींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्लेग, पटकी आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी गावेच्या गावे हादरविली. त्यामुळे त्यांची नोंद सरकारी दफ्तरात झाली. पक्षाघात मात्र एका वेळी एकाच घरावर कोसळतो. चरकसंहितेत 'पक्षवध' आणि सुश्रुतसंहितेत 'पक्षाघात' या नावाने वर्णिलेली ही व्याधी वऱ्हाडात 'लकवा' म्हणून घरोघरी परिचित आहे. तरीही रुग्ण वाचला, पण त्याचा हात, पाय किंवा वाचा गेली, त्यानंतरच्या काळाकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. त्या काळात घरापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : रुग्णाकडे पाहायचे कोणी आणि कमवायचे कोणी?

घरी बसून, सवडीप्रमाणे करता येणारे काम हे या दोन्ही प्रश्नांचे एकत्रित उत्तर ठरू शकते. परंतु अशा कामाला महाराष्ट्रात दीर्घ इतिहास आहे आणि तो सर्वस्वी आश्वासक नाही. या इतिहासाचा वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

वाशीम जिल्हा आणि पक्षाघात

वाकाटकांची वत्सगुल्म ही राजधानी म्हणून ओळखले जाणारे वाशीम ब्रिटिश अमदानीत काही काळ जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ मध्ये हा जिल्हा अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून त्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी हीच येथील मजूर स्त्रियांची प्रमुख कामे. ही सर्व कामे घराबाहेरची आणि हंगामी आहेत. घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर ती प्रथम सुटतात.

केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात देशातील १०० जिल्हे होते. महाराष्ट्रातून वाशीम, वर्धा, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर आणि अमरावती या सहा जिल्ह्यांची निवड झाली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा ही बाबही कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत होती. २०२३ मध्ये कार्यक्रमाचे नामांतर 'असंसर्गजन्य रोग' असे झाले आणि 'पक्षाघात' हा शब्द शीर्षकातून गेला.

या रोगाचे ग्रामीण स्वरूप गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांत झालेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. त्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक मृत्यू घरीच झाले होते. गडचिरोलीचे आकडे वाशीमला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तथापि खेड्यात या रोगाचे खरे रुग्णालय घरच असते, ही बाब त्यांतून निर्विवादपणे दिसून येते.

'फावल्या वेळे'ची कल्पना

विदर्भात घरबसल्या कामाचा पहिला संघटित विचार खादी चळवळीने मांडला. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघाची, तर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. सूतकताई हे शेतकरी कुटुंबाच्या फावल्या वेळेचे पूरक काम मानले गेले. वेळ फावला म्हटला की त्याचे मोलही कमी ठरते. कातणाऱ्या स्त्रीला मिळणारी अत्यल्प मजुरी गांधीजींनाच खटकली आणि १९३५ मध्ये चरखा संघाने तिला निर्वाहापुरते वेतन देण्याचे धोरण स्वीकारले. खादी महाग होईल, हा आक्षेप असतानाही हे धोरण स्वीकारले गेले, हे उल्लेखनीय आहे.

रुग्ण असलेल्या घरात तर 'फावला वेळ' ही कल्पनाच टिकत नाही. रुग्णाला कुशीवर वळविणे, भरविणे, शौचास नेणे आणि त्याच्या हातापायांचा व्यायाम करून घेणे यांतून उरलेल्या तुकड्यातुकड्यांच्या वेळेत कमाई करावी लागते. असा वेळ रिकामा नसतो. तो एका कामातून कष्टाने काढून दुसऱ्या कामाला दिलेला असतो.

विडी उद्योग आणि 'सवडी'चा न्यायनिवाडा

सवडीने काम करणारा माणूस कायद्याने कामगार ठरतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील विडी उद्योगाने न्यायालयापुढे आणला. १९६०-६१ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने एकापाठोपाठ दोन निकाल दिले. नागपूरच्या बिर्दीचंद शर्मा खटल्यात कामगार वाटेल तेव्हा येत-जात असले, मजुरी नगावर मिळत असली, तरी सदोष विड्या नाकारण्याच्या अधिकारातून मालकाचे नियंत्रण सिद्ध होते, म्हणून ते कामगारच होत, असे न्यायालयाने म्हटले. सिन्नरच्या शंकर बाळाजी वाजे खटल्यात मात्र येण्या-जाण्याचे तेच स्वातंत्र्य कामगाराच्या विरुद्ध गेले आणि त्याला कारखाना कायद्याचे संरक्षण नाकारले गेले.

घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीची स्थिती तर याहून दुबळी होती. पाने आणि तंबाखू कंत्राटदाराकडून आणायची, विड्या वळून द्यायच्या आणि त्यांतील किती विड्या नाकारल्या जातील हे त्याच्यावर सोपवायचे, अशी ही रीत होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही प्रथमच स्पष्टपणे कामगार मानले आणि १९७६ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा झाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गृहाधारित कामगार' अशी सर्वसाधारण व्याख्या आली. तिची अंमलबजावणी नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९६ च्या गृहकामविषयक करारास भारताने मात्र अनुसमर्थन दिलेले नाही.

पापड उद्योगाचा पर्याय

याच काळात मुंबईत वेगळी वाट निघाली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. केंद्रात मळलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून दुसऱ्या दिवशी जमा करायचे आणि मोबदला घ्यायचा, ही तिची पद्धत. बाह्यतः ती विडीच्या पद्धतीसारखीच दिसते. फरक मालकीचा आहे. येथे लाटणारी 'बहीण' संस्थेची सभासद व भागीदार असते, कंत्राटदार नसतो. काम घरात आहे की बाहेर, यापेक्षा माल कोणाचा, दर कोण ठरवितो आणि नाकारलेल्या मालाचा तोटा कोण सोसतो, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

या नमुन्यालाही मर्यादा आहेत. रोजचे केंद्र गाठणे विखुरलेल्या खेड्यांत व तांड्यांत अवघड आहे, आणि एक हात लुळा पडलेला माणूस पापड लाटू शकत नाही. म्हणजे शुश्रूषाकर्तीला उपयोगी पडणारे काम रुग्णाला उपयोगी पडेलच असे नाही.

अनुदान, रोजगार हमी आणि घरातील रुग्ण

महाराष्ट्रात अपंगत्व आणि श्रम यांची सांगड यापूर्वी घातली गेली आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिती (१९४९) यांनी कुष्ठरुग्णाला दानाऐवजी काम दिले. परंतु कुष्ठरुग्ण घरातून हाकलला जात होता, म्हणून त्याच्यासाठी संस्था उभारावी लागली. पक्षाघाताचा रुग्ण घरातच राहतो; त्यामुळे त्याच्यासाठी संस्था उभी राहिली नाही. कुटुंबाची माया हीच शासनाची सोय ठरली.

१९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने पक्षाघाताने चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना लाभार्थी मानले, ही मोठी गोष्ट होय. २०२३ मध्ये अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. मात्र योजनेच्या निकषांत कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये ठेवली गेली. अपंगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. २१,००० रुपये म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी. ज्याच्यापाशी अपंगत्वाचा दाखला नाही अशा रुग्णाच्या पत्नीने घरबसल्या दिवसाला साठ रुपये मिळविले, तरी कागदोपत्री ते घर अनुदानास अपात्र ठरते.

रोजगार हमीच्या इतिहासातही हीच फट दिसते. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेल्या या योजनेने श्रमाला प्रतिष्ठा दिली. पण काम मिळणार ते कामाच्या जागी. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद केली. सांभाळणे हेही मजुरीचे काम आहे, हे तत्त्व कायद्याने अशा रीतीने मान्य केले. मात्र घरी पडून असलेल्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत राहून.

सर्व भार कुटुंबावर टाकून भागत नाही, याचा पुरावाही उपलब्ध आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' या चाचणीत कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतरच्या मृत्यू वा परावलंबित्वाच्या प्रमाणात त्यामुळे फरक पडला नाही. कुटुंबाची इच्छा कमी पडली, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल; आधीच भारावलेल्या हातांवर आणखी एक काम ठेवले गेले, हे लक्षात घेणे अधिक योग्य.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, रोगाचा इतिहास आणि श्रमाचा इतिहास एकाच घरात घडत असूनही शासनाच्या धोरणांत ते वेगवेगळ्या खात्यांत विभागले गेले. आरोग्य खात्याने रुग्ण पाहिला, महसूल खात्याने लाभार्थी आणि कामगार खात्याने मजूर. या तिघांना सांभाळणारी स्त्री कोणत्याच नोंदवहीत आली नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात २०१० च्या कार्यक्रमाची पूर्वपीठिका आहे आणि २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेथे घरभेटीची शुश्रूषा आणि घरपोच काम यांची सांगड घालण्याचा प्रयोग शक्य आहे. त्यासाठी कच्चा माल दारापर्यंत पोहोचावा, दर ठरविण्यात काम करणाऱ्यांचा वाटा असावा, एका हाताने करता येतील अशी कामे रुग्णासाठी स्वतंत्रपणे निवडली जावीत आणि या कमाईमुळे अनुदान बंद होऊ नये, एवढ्या अटी इतिहासानेच सुचविलेल्या आहेत. त्या पाळल्या नाहीत तर 'सवडीचे काम' हे स्वस्त मजुरीचे केवळ नवे नाव ठरेल.

१९३५ मध्ये कातणाऱ्या स्त्रीच्या वेळेला मोल आहे हे मान्य झाले. रुग्णाच्या उशाशी बसून काम करणाऱ्या स्त्रीच्या वेळेबाबत ती मान्यता अद्याप यावयाची आहे.