ताहितीची लाट

एखाद्या खेळाच्या इतिहासांत एका समाजाचें भाग्य वाचतां येतें, असें म्हटलें तर आमच्या वाचकांस कदाचित् नवल वाटेल. ताहिती बेटावरील लाटारोहणाची हकीकत मात्र तशीच आहे.

१७६९ सालीं कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजांतून आलेल्या जोसेफ बँक्सनें येथें एक विलक्षण दृश्य पाहिलें. युरोपीय होडी जेथें क्षणभरही टिकली नसती, अशा उसळत्या पाण्यांत तेथील लोक एका जुन्या होडीचा मागला तुकडा घेऊन लाटेवर आरूढ होत व हंसत किनाऱ्याकडे येत. बँक्सनें आपला विस्मय रोजनिशींत नोंदविला. पुढें १७९७ त इंग्रज मिशनरी आले. १८४२ त फ्रान्सचें संरक्षण व १८८० त त्याचें प्रत्यक्ष राज्य आलें. परक्या रोगांनीं लोकसंख्येची भयंकर हानि झाली, नव्या आचारांपुढें जुन्या क्रीडांचा मान उतरला, आणि ही विद्या जवळजवळ लोपली. विसाव्या शतकांत ती परत आली.

आज तिची कीर्ति बेटाच्या दक्षिण भागांतील तेआहुपो या गांवापाशीं एकवटली आहे. तेथें खोल समुद्राचा तळ प्रवाळभित्तीपाशीं एकदम वर चढतो. दक्षिण महासागरांतून आलेल्या लाटेस आपला वेग हळूहळू टाकण्यास अवसरच मिळत नाहीं. तिचा पाया अडतो, माथा पुढें झेपावतो, आणि पाण्याची एक पोकळ नळी तयार होते. तिच्याखालीं धारदार पोंवळें असतें व त्यावर कांहीं ठिकाणीं पुरुषभर देखील पाणी नसतें. १७ ऑगस्ट २००० रोजीं लेअर्ड हॅमिल्टननें येथील एक प्रचंड लाट पार केली व तिचें चित्र जगभर गाजलें; त्याच वर्षीं एका स्थानिक तरुणाचा याच प्रवाळावर अंत झाला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची ही स्पर्धा सुमारें १५,७०० किलोमीटर दूर येथेंच भरविण्यांत आली. पंचांकरितां जुन्या लांकडी मनोऱ्याच्या जागीं ॲल्युमिनियमचा मोठा मनोरा योजिला गेला. गांवकऱ्यांनीं विरोध केला. प्रवाळ मेलें तर मासे जातील, कदाचित् लाटही बदलेल, हें त्यांचें भय होतें. डिसेंबर २०२३ मध्यें चांचणीच्या वेळींच एका तराफ्यानें प्रवाळ मोडलें, तेव्हां तें भय पोकळ नव्हतें हें सर्वांस दिसलें. मनोरा अखेर झाला, पण विरोधामुळें आधींच लहान व हलका करावा लागला होता. ५ ऑगस्ट रोजीं ताहितीच्याच कौली वास्तनें सुवर्णपदक मिळविलें. पदक मात्र फ्रान्सच्या नांवें नोंदलें गेलें.

एका काळीं या खेळाचा मान बाहेरच्यांनीं उतरविला, दुसऱ्या काळीं बाहेरच्यांनींच त्याचा गौरव मांडला; दोन्ही वेळीं उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार होता. भेद एवढाच कीं, दुसऱ्या वेळीं बेटवासीयांचें थोडें तरी ऐकावें लागलें. आमच्या मतें या इतिहासांतील खरा लाभ पदकाहून हाच मोठा आहे.